कळंबोलीहून एक खेप

मुंबईहून पुण्याला निघालेली मोटार कळंबोलीला आली की आतली मंडळी सुस्कारा टाकतात. शहराची गर्दी संपली, आता द्रुतगती मार्ग लागला, अशा समाधानाचा तो सुस्कारा असतो. कोणी पाण्याची बाटली उघडते, कोणी मुलांना 'आता फूड मॉल येईपर्यंत भूक हा शब्द काढायचा नाही' अशी तंबी देते. बाजूला ट्रकांच्या रांगाच्या रांगा उभ्या असतात, त्यांच्याकडे पाहून गृहस्थ म्हणतात, "काय हे ट्रकवाले! रस्ता यांच्या तीर्थरूपांचा असल्यासारखे उभे राहतात." हे मी खात्रीने सांगतो, कारण हे वाक्य मी स्वतः निदान वीस वेळा उच्चारले आहे. त्या रांगेमागे काय आहे हे उतरून पाहण्याचा योग मात्र २०२३ सालच्या डिसेंबरपर्यंत आला नव्हता.

त्याचे असे झाले. माझ्या नोकरीची पहिली चार वर्षे कराडला गेली. तेथे बी. ए.च्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. ज्ञानेश्वरीपेक्षा त्याचे लक्ष खिडकीबाहेरच्या हमरस्त्याकडे अधिक. पण वाचनाची आवड दांडगी. ग्रंथालयातल्या कादंबऱ्यांचा त्याने फडशा पाडला होता. पदवी मिळाल्यावर दोन-तीन वर्षे नोकरी शोधली, मग दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून राहिला, आणि २०२१ साली एक जुना दहा चाकी ट्रक कर्ज काढून घेतला. त्या दिवशी त्याने मला पेढे पाठवले होते. चिठ्ठीत लिहिले होते, 'सर, मालक झालो.'

तोच विद्यार्थी एके रविवारी पुण्याला माझ्या दारात उभा राहिला. हातात अकरा पानांचा इंग्रजी करारनामा. एका वाहतूक कंपनीने त्याला गाडी 'अटॅच' करायला सांगितली होती. म्हणजे गाडी याची, कर्ज याचे, चालवणार हा. पण माल फक्त कंपनीचा वाहायचा आणि अंगावर रंगही कंपनीचा चढवायचा.

"सर, जरा वाचून सांगा. सही करू का नको?"

मी चष्मा लावून दोनदा वाचले. चौथ्या कलमात लिहिले होते की गाडीवाला हा स्वतंत्र कंत्राटदार आहे, कंपनीचा आणि त्याचा मालक-नोकर असा काहीही संबंध नाही. सातव्या कलमात होते की या स्वतंत्र माणसाने दुसऱ्या कोणाचाही माल भरायचा नाही. नवव्यात, भाड्याचा दर कंपनी वेळोवेळी ठरवील. बाराव्यात, मूळ पोच कार्यालयात जमा झाल्यापासून पंचेचाळीस दिवसांनी पैसे मिळतील; आणि मालाची तूट, खराबी, उशीर यांची वजावट त्यातून होईल. चार आणि सात ही कलमे एका पानावर समोरासमोर बसली होती आणि एकमेकांना अजिबात ओळखत नव्हती.

मी म्हणालो, "भाषा कळली. धंदा कळला नाही. आत्ता तुला काय मिळते आणि मग काय मिळेल, हे ठाऊक नसताना मी काय सांगू?"

तो म्हणाला, "मग चला की एक खेप."

घरात या बेताचे स्वागत जसे व्हायचे तसेच झाले. शेवटी एक कानटोपी, एक थर्मास आणि पुष्कळ सूचना बरोबर घेऊन मी पहाटेच्या बसने कळंबोलीला जाऊन उतरलो.

कळंबोलीचा लोखंड बाजार हा मूळचा इथला नव्हे. मुंबईत बंदराच्या अंगाला, गल्लीबोळांत जो लोखंडाचा व्यापार चाले, त्याच्यासाठी सिडकोने नवी मुंबईच्या या टोकाला जागा आखून दिली. पुढे १९८९ साली न्हावाशेवाचे बंदर सुरू झाले आणि कळंबोली-पनवेलचा पट्टा म्हणजे ट्रकांचे माहेरघर बनला. आत शिरल्यावर आधी जाणवतो तो रंग. जमीन, भिंती, माणसांचे सदरे, चहाच्या टपरीवरची फळी, सगळ्यांवर गंजाची तांबूस कळा. गोदामांत पत्र्याची प्रचंड भेंडोळी, सळ्यांचे भारे, अँगल आणि गर्डर यांचे ढीग. वरून क्रेन फिरते आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा एक असा आवाज येतो की बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबतो, आवाज संपला की पुढचा शब्द उच्चारतो. इथल्या लोकांच्या बोलण्याला त्यामुळे एक ठेका आला आहे.

आमचे मालक (यापुढे त्याला मी असेच म्हणणार) मला एका दलालाच्या गाळ्यात घेऊन गेले. दहा बाय बाराची खोली, गणपतीची तसबीर, तीन मोबाईल, एक वही. भिंतीशी बाकावर चार गाडीवाले बसलेले. दलालाच्या मोबाईलवर क्षणाक्षणाला निरोप येत होते: कोल्हापूर अठरा टन, हुबळी पंचवीस टन, नाशिक नऊ टन. निरोप आला की दलाल दर मोठ्याने सांगे आणि बाकावरची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. पहिल्याने नाही म्हटले की दुसरा हो म्हणणार, हे पहिल्याला ठाऊक असते. म्हणून पहिला सहसा नाही म्हणत नाही. भाव ठरण्याची ही रीत मी अर्थशास्त्राच्या आमच्या प्राध्यापकांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले की पुस्तकात हे तीन प्रकरणांत आहे.

जुन्या मराठीत 'हुंडेकरी' असा एक चांगला शब्द आहे. माल अमुक ठिकाणी पोहोचवण्याचा ठोक मक्ता जो घेई तो हुंडेकरी. बैल कोणाचे, गाड्या कोणाच्या, जकात किती, ही सगळी उठाठेव त्याची. आजची वाहतूक कंपनी म्हणजे हा हुंडेकरीच. पाटी तिची, बिल्टी तिची, कारखानदाराशी करार तिचा. पण चाके पुष्कळदा दुसऱ्याची. दलाल तिला चाके मिळवून देतो. असे दुवे मधे असल्याने, लोखंड ज्याचे आहे त्याने टनामागे काय दिले हे चाकवाल्याला कधीच कळत नाही. त्याला कळतो तो आपल्यापर्यंत झिरपत आलेला आकडा.

आमच्यापर्यंत आलेला आकडा होता टनाला अकराशे. अठरा टन सळई, कळंबोली ते शिरोली. शिरोली म्हणजे कोल्हापूरच्या अलीकडची औद्योगिक वसाहत. एकंदर भाडे एकोणीस हजार आठशे. त्यातले ऐंशी टक्के आधी, बाकीचे पोच मिळाल्यावर. माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती म्हणजे पोच. या धंद्यात देवाच्या खालोखाल तिला मान आहे.

दलालाविषयी माझे मत तोवर चांगले राहिले नव्हते. पण मालकांनी बाहेर आल्यावर सांगितले, "सर, वडील दवाखान्यात होते तेव्हा ह्याच माणसानं वीस हजार दिले. कागद न्हाई, व्याज न्हाई. भाड्यातनं हळूहळू वळते करून घेतले. आता ह्याच्या गाळ्यात बसून ह्याला दर कमी सांगतोस म्हणून भांडायचं कसं?" आणि दलालाचे स्वतःचे पैसे कंपनीकडे दोन-दोन महिने अडकलेले असतात, हेही त्यानेच सांगितले. मग मी मत पुन्हा बदलले.

नंबर लागला दुपारी दोनला. माथाडी कामगारांनी सळ्यांचे भारे क्रेनच्या साखळीला लावायचे, वर दोघांनी ते ट्रकमध्ये नीट बसवायचे, असे काम चालले. त्यांच्या अंगमेहनतीकडे पाहून आपले वजन उगीचच जाणवू लागते. या हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. त्याने मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी पाहायचे. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याला कायद्याने असे छत्र मिळाले, ही आपल्या राज्याने अभिमान बाळगावी अशी गोष्ट आहे. आता चाकांवर ओझे वाहणाऱ्याकडे पाहा. मोटार वाहतूक कामगारांसाठीही तेव्हा १९६१ चा केंद्रीय कायदा होता, आठ तासांचा दिवस त्यात लिहिलेला होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होत असे. आमच्या मालकांच्या आस्थापनेत मालक आणि एक क्लीनर. शिवाय ते पडले मालक. मालकाला कसले संरक्षण?

भरणी झाली आणि वारईचा प्रश्न आला. माल भरताना-उतरवताना गाडीवाल्याकडून जी रक्कम घेतली जाते ती वारई. माल याचा नाही, हमाल याने बोलावलेले नाहीत, तरी खिशात हात याने घालायचा. लॉरीवाल्यांच्या संघटना 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही घोषणा कितीतरी वर्षे देत आल्या आहेत. घोषणा म्हणून ती निर्दोष आहे. यमकही साधले आहे. आमच्या मालकांनी मुकाट्याने नऊशे रुपये दिले आणि गाडी काट्यावर नेली.

काट्यावर त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या मुलासारखा झाला होता. २०१८ साली केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दहा चाकी गाडीची मालासकट मर्यादा पंचवीस टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. मला वाटले, हे तर बरेच झाले, एका खेपेत तीन टन जास्त. मालक म्हणाले, "बरं झालं मालवाल्याचं. गाड्या तेवढ्याच, माल तेवढाच, पण प्रत्येक गाडीत जागा वाढली. म्हणजे गाड्या जास्त झाल्या न्हवं? दर खाली आला." त्यातून कोणी आणखी चार टन कोंबले तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दंड वीस हजार, आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. काट्याने अठ्ठावीस टनांच्या आतला आकडा दाखवला. मालकांनी काट्याच्या चिठ्ठीला हळूच कपाळ लावले.

रात्री साडेनऊला निघालो. मोटारीतून पाहिलेला रस्ता आणि ट्रकच्या केबिनमधून पाहिलेला रस्ता हे एकच आहेत यावर माझा विश्वास बसेना. उंचावरून सारे स्वच्छ दिसते, पण काही म्हणता काही जवळ येत नाही. अठ्ठावीस टनांचे ओझे घेऊन गाडी ज्या सावकाशीने बोरघाट चढते, त्या सावकाशीला 'मंदगती' म्हणणे ही अतिशयोक्ती होईल. शेजारून मोटारी सणसणत जात होत्या. एकीतल्या गृहस्थांनी मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि त्यांचे ओठ हलले. ते काय म्हणाले हे मला तंतोतंत ठाऊक होते.

ही वाट फार जुनी. १८३० साली इंग्रजांनी इथला गाडीरस्ता खुला केला. त्याच्या आधी लमाणांचे बैल कोकणातून मीठ घेऊन वर येत आणि देशावरचे धान्य खाली नेत. मला एकदम सुचले ते मी मालकांना सांगितले, की लमाणाचे बैलही त्याचे आणि पुष्कळदा पाठीवरचे मीठही त्याचेच असे. विकेल तो भाव त्याचा. मालक जरा वेळ काही बोलले नाहीत. मग गिअर बदलत म्हणाले, "मंजे बैल ठेवला आणि मीठ गेलं."

घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे, जुन्या रस्त्यावर. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो शिंग्रोबा, अशी लोककथा आहे. वाट दाखवल्याचे बक्षीस म्हणून त्याला मृत्यू मिळाला, असेही तीच कथा सांगते. जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात. आमची गाडी नव्या रस्त्याने चालली होती. मालकांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून त्या दिशेला नमस्कार केला आणि समोरच्या डब्यात एक रुपया टाकला. जुन्या रस्त्याने जाणे होईल तेव्हा सगळे एकदम देणार होते. देवाचीही उधारी चालू होती.

पुण्याच्या बाह्यवळणावर, रात्री दोनच्या सुमारास, एका ढाब्यावर थांबलो. पिठले, भाकरी, कांदा. चहा आल्यावर मी वही काढली. त्यांनी सांगायचे, मी लिहायचे, असा उलटा वर्ग सुरू झाला.

भाडे एकोणीस हजार आठशे. घाट धरून जवळजवळ पंच्याऐंशी लिटर डिझेल, लिटरला चौऱ्याण्णवच्या हिशेबाने आठ हजारांना दहाच कमी. द्रुतगती मार्गाचा टोल सोळाशे तीस, पुढे खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी; सगळा मिळून तीन हजार. दलाली सहाशे. भरायची वारई नऊशे, उतरवायची सातशे. काटा दीडशे. क्लीनरचा भत्ता आणि दोघांचे जेवण हजार. "आणि किरकोळ तीनशे," मालक म्हणाले. किरकोळ म्हणजे काय, असे मी विचारले. त्यांनी रस्त्याकडे पाहिले. मी 'किरकोळ' असेच लिहिले. बेरीज चौदा हजार सहाशे चाळीस. शिल्लक पाच हजार एकशे साठ.

मी म्हणालो, "वाईट नाही."

"खेप कितवी दिवसाची, ते विचारा की." कळंबोलीत नंबरासाठी एक दिवस, रस्त्यात एक रात्र, शिरोलीत रिकामे होण्यासाठी एक दिवस, कधी दोन. परतीला साखर किंवा बिडाचे सुटे भाग मिळाले तर भाडे कमी, पण रिकामे जाण्यापेक्षा बरे. जाऊन-येऊन महिन्यात बारा खेपा झाल्या तर महिना उत्तम. सरासरी पाच हजार धरले तर साठ हजार. त्यातून कर्जाचा हप्ता बत्तीस हजार आठशे, पाच तारखेला. विमा, त्यात निव्वळ तिऱ्हाइताच्या विम्याचेच या वजनाच्या गाडीला वर्षाला चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. राष्ट्रीय परवाना, कर, फिटनेस. हे सगळे महिन्यावर बसवले तर सात हजार. टायर एकेक वीस हजारांच्या पुढचा आणि असे दहा. शिवाय ग्रीस, पाटे, ब्रेक. मिळून नऊ हजार बाजूला. मी आकडे एकाखाली एक मांडले. उरले अकरा हजार दोनशे.

"तुझ्यासारख्या ड्रायव्हरला दुसऱ्याच्या गाडीवर काय मिळते?"

"अठरा मिळतील. वीसपण देतात चांगल्या माणसाला."

मी पुन्हा बेरीज केली. मराठीच्या माणसाची बेरीज चुकू शकते. चुकली नव्हती.

"मंजे सर, मी माझ्याच गाडीवर कमी पगाराचा ड्रायव्हर हाय," ते हसून म्हणाले. "पण चार वर्षांनी हप्ता फिटला की गाडी माझी. तोवर ती चालली पाहिजे. तेवढंच." आरसी बुकावर अर्थात त्यांच्या नावाखाली कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव आहे.

करारनाम्याचे खरे आकर्षण मला तिथे कळले. कंपनीने महिन्याला चौदा खेपांची तोंडी हमी दिली होती. तोंडी, अकरा पानांत ती कुठेही नव्हती. दलालाच्या बाकावर बसणे नको, रोजचे घासाघीस नको, डिझेलचे कार्ड कंपनीचे. त्यापायी दर थोडा कमी घ्यायचा आणि पैशांसाठी पंचेचाळीस दिवस थांबायचे. पण हप्ता पंचेचाळीस दिवस थांबत नाही. डिझेल कंपनीच्या कार्डावर, म्हणजे पहिल्या दिवसापासून आपण कंपनीचे देणे लागतो आणि ती आपले देणे दीड महिन्याने लागते. मी हे सगळे त्या पिठल्याच्या ताटलीशेजारी बसून त्यांना समजावले आणि अखेर म्हणालो, "सही करू नकोस. निदान हॉल्टिंगचे पैसे आणि चौदा खेपा लिहून दे म्हणावे, मग कर."

सल्ला देताना आपण फार शहाणे आहोत असे वाटले. माझा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो, ही गोष्ट त्या क्षणी माझ्या मनात आली नाही. ती खंबाटकी चढताना, चार वाजता, थंडीत, आपोआप आली.

साताऱ्याच्या पुढे उजाडू लागले. मालकांनी क्लीनरकडून घरी फोन लावून घेतला. त्यांचे गाव कराडच्या अलीकडे, रस्त्यापासून दोन कोसांवर. एका उड्डाणपुलाच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेतली. तिथे त्यांची पत्नी आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी उभ्या होत्या. मुलीच्या हातात डबा, अंगावर शाळेचा गणवेश. मालक उतरले. डबा घेतला, रिकामा डबा दिला, खिशातून काही नोटा काढून पत्नीकडे दिल्या. मुलीने वहीवर सही मागितली, ती त्यांनी ट्रकच्या चाकावर वही ठेवून केली. मला पाहून पत्नीने पदर सावरून नमस्कार केला. "सर, घरी चला की, चहा तरी घ्या," असे म्हणाली. आणि घरी जायला वेळ नाही हे तिघांनाही ठाऊक असल्यामुळे कोणी उत्तर दिले नाही. मी घड्याळ पाहिले नव्हते, पण सगळे मिळून पाच मिनिटांपेक्षा जास्त नसावे. मागून एका बसने भोंगा वाजवला. आम्ही निघालो.

"आठवड्यातनं दोनदा भेट होती," मालक म्हणाले. "दुसऱ्याच्या गाडीवर होतो तेव्हा महिन्यातनं एकदा. हे एक बरं झालं."

शिरोलीला आठच्या सुमारास पोचलो. कारखान्याच्या फाटकाबाहेर आमच्या आधीच्या सहा गाड्या. पहारेकऱ्याने बिल्टी घेतली, टोकन दिले आणि सांगितले की आत क्रेन बिघडली आहे, आज चारच घेतील. मालकांनी गाडी झाडाखाली लावली, हातपाय धुतले, डबा उघडला. मी फाटकाशी जाऊन, प्राध्यापकी आवाजात, उशिराचे पैसे मिळतात की नाही याची चौकशी केली. पहारेकऱ्याने मला खुर्ची दिली. बाकी काही दिले नाही.

बिल्टी माझ्या हातात होती. तिच्यावर छापलेले होते, 'माल मालकाच्या जोखमीवर'. म्हणजे लोखंड ज्याचे त्याच्या. पण सळईचा एक भारा कमी भरला तर वजावट होणार ती झाडाखाली भाकरी खाणाऱ्या मालकाच्या भाड्यातून. तीस-चाळीस वर्षे भाषा शिकली-शिकवली, तरी एका शब्दाची इतकी माणसे मी एकत्र कधी पाहिली नव्हती: लोखंडाचा मालक, कारखान्याचा मालक, कंपनीचा मालक, आणि हा.

दुपारच्या एसटीने मी पुण्याला परतलो. गाडी रिकामी झाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पोचेवर तारीख मात्र पहिल्याच दिवसाची घातली होती, म्हणजे थांबल्याचा पुरावा उरला नाही. हे त्याने मला फोनवर सांगितले, तक्रारीच्या सुरात नव्हे, सरांनी आरंभलेला अभ्यास अपुरा राहू नये म्हणून.

पंधरवड्याने, १ जानेवारी २०२४ ला, देशभर ट्रकचालकांनी गाड्या थांबवल्या. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असे कलम नव्या न्यायसंहितेत आले होते, त्याच्या विरोधात. आमच्या गल्लीत पेट्रोलपंपावर रांगा लागल्या आणि दोन दिवस सगळ्यांनाच ट्रकवाल्यांची आठवण झाली. सरकारशी बोलणी होऊन गाड्या हलल्या. माझा विद्यार्थी त्या दोन दिवसांत कळंबोलीत भरलेली गाडी घेऊन उभा होता. संपाच्या बाजूने की विरुद्ध, असे मी विचारले. "बाजूनंच," तो म्हणाला. "पण पाच तारीख जवळ आलीय सर."

त्याने कंपनीकडे जाऊन माझी दोन वाक्ये सांगितली होती. तिथल्या कारकुनाने सभ्यपणे उत्तर दिले की करार छापील आहे, सगळ्यांना एकच. एकासाठी बदलता येत नाही. मग दलालाच्या गाळ्यात तीन आठवडे काढले. त्या तीन आठवड्यांत खेपा झाल्या पाच.

जानेवारीअखेर त्याने सही केली. मला आधी सांगितले नाही, नंतर सांगितले. मी काही बोललो नाही. काय बोलणार? रंगाला अठरा हजार गेले, ते पहिल्या बिलातून वळते झाले. पहिले बिल मार्चच्या मध्यावर आले. खेपा फेब्रुवारीत तेरा झाल्या, मार्चमध्ये नऊ. हप्ता एकदा चुकला, तो दलालाने भरला. होय, त्याच दलालाने; कागद नाही, व्याज नाही.

परवा मुंबईहून येताना कळंबोलीला आमची गाडी गर्दीत अडकली, तेव्हा मी खिडकीतून त्या रांगांत कंपनीचा रंग शोधू लागलो. सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून फोन लावला. तो खरोखरच तिथे, आतल्या बाजूला होता.

"किती वेळ झाला?"

"कालपासनं हाय. पण कंपनीचा नंबर वेगळा असतोय सर, चौथा हाय. रात्रीपर्यंत भरंल बहुतेक."

मागे लोखंडावर लोखंड आपटले. तो थांबला, आवाज संपू दिला, आणि मग विचारले, "तुम्ही कुठंवर आलाय?"